आपत्कालीन सूचना व स्थलांतर

पूर, चक्रीवादळ, दरड कोसळणे, धरणफुटी, विषारी वायूची गळती यांसारख्या स्थानिक संकटांच्या वेळी धोक्याची वार्ता लोकांपर्यंत पोहोचविणे, संकटात सापडलेल्यांची वार्ता मदत करणाऱ्यांपर्यंत नेणे व आवश्यक तेथे वस्ती सुरक्षित जागी हलविणे, या परस्परावलंबी कार्यांचा समावेश या संज्ञेत होतो. सूचना देणे ही एकेरी क्रिया आहे असा सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः तिच्यात दोन प्रवाह असतात. वेधशाळा, पाटबंधारे खाते, जिल्हाधिकारी कार्यालय यांच्याकडून गावाकडे येणारा एक, आणि गावाकडून त्यांच्याकडे जाणारा दुसरा. यांपैकी दुसरा प्रवाह खंडित झाल्यामुळे ओढवलेले अनर्थ पहिल्या प्रवाहातील उणिवांमुळे झालेल्या अनर्थांहून कमी नाहीत.

पूर्वपीठिका : ग्रामव्यवस्थेत वर्दी देण्याचे काम कोतवालाकडे असे. दवंडी हे त्याचे साधन. दवंडी देणारा परिचित, त्याचा आवाज परिचित आणि वस्तीतील प्रत्येक आळीतून त्याचा फेरा, यांमुळे निरोप न पोहोचलेले घर सहसा राहत नसे. गावातील घडामोडींची खबर वर देण्याची जबाबदारी पोलीस पाटलावर असून १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने ती निश्चित केली आहे. किनारपट्टीवर हेच कार्य बंदरावरील बावट्याने केले. वादळाची सूचना बंदरांना देण्याची पद्धत भारतात प्रथम १८६५ मध्ये कलकत्त्यास सुरू झाली. भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ मधील. दिवसा विशिष्ट आकारांच्या खुणा व रात्री दिवे डोलकाठीवर चढवून हे संकेत दिले जातात. कोकणातील कोळी बांधवांच्या तोंडी असलेला ‘तीन नंबरचा बावटा’ हा याच मालिकेतील असून तो बंदरालाच वादळी वाऱ्याचा उपद्रव होण्याचा संभव दर्शवितो. मालिकेत एकूण अकरा संकेत आहेत. त्यांतील अकरावा लक्षणीय आहे : वादळ-सूचना केंद्राशी संपर्क तुटला असून स्थानिक अधिकाऱ्यास धोका वाटत आहे, एवढाच त्याचा अर्थ. वार्ता न येणे हीही एक वार्ताच आहे, हे तत्त्व त्या काळच्या योजकांनी ओळखले होते, असे म्हणावे लागते.

या तत्त्वाची कठोर प्रचीती धरणफुटीच्या प्रसंगी आली. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेत धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने मुठेवरील खडकवासला धरणही गेले व पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली बुडाल्या. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून धरण सकाळपर्यंत तगवून धरले. त्यामुळे लोंढा शहरात शिरला तो दिवसाउजेडी. तो मध्यरात्री शिरता, तर प्राणहानी कितीतरी पटींनी वाढली असती. सौराष्ट्रातील मच्छू नदीवरील दुसरे धरण ११ ऑगस्ट १९७९ रोजी फुटून मोरवी शहर उद्ध्वस्त झाले, तेव्हा अतिवृष्टीने दूरध्वनीच्या तारा तुटलेल्या होत्या. खालच्या गावांना सूचना मिळाली नाही आणि शहर बुडाल्याची बातमीही बाहेरच्या जगास पुष्कळ उशिरा कळली. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, त्यापूर्वी गळतीविषयी ग्रामस्थांनी तक्रारी केल्या होत्या. येथे वार्ता खालून वर गेली होती. तिचा परिणाम म्हणून जे परत खाली यावयास हवे होते, ते मात्र आले नाही. [⟶ धरणे].

संघटन : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती-व्यवस्थापनाची स्वतंत्र आखणी सुरू झाली. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्रीय, राज्य व जिल्हा या तीन स्तरांवर प्राधिकरणे स्थापन झाली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. वस्ती हलविणे, रस्ते बंद करणे, वाहने व इमारती ताब्यात घेणे यांविषयीचे अधिकार जिल्हा यंत्रणेस आहेत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी पुण्याजवळ तळेगाव परिसरातील सुदुंबरे येथे असून राज्य दलाची केंद्रे धुळे व नागपूर येथे आहेत. दले कितीही सुसज्ज असली, तरी ती घटनास्थळी पोहोचेपर्यंत काही तास जातात व तेवढा काळ शेजारी, तरुण मंडळे व गावातील पोहणारे हेच बचावकर्ते असतात.

सामान्य नागरिकाच्या दृष्टीने या व्यवस्थेचे दार म्हणजे नियंत्रण कक्ष. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ व राज्याच्या कक्षाचा १०७० आहे. पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय साहाय्य यांसाठी ११२ हा सामाईक क्रमांक, रुग्णवाहिकेसाठी १०८, तर मुंबई महानगरपालिकेच्या आपत्कालीन कक्षासाठी १९१६ हा क्रमांक आहे. साहाय्य मागताना प्रथम ठिकाण सांगावे, कारण संभाषण मध्येच तुटले, तरी तेवढ्या माहितीवर पथक निघू शकते. गावाचे नाव पुरेसे नसते. एकाच नावाची अनेक गावे व वाड्या असल्याने तालुका आणि जवळची ठळक खूण, म्हणजे देऊळ, शाळा, पाण्याची टाकी किंवा पूल, सांगणे इष्ट ठरते. त्यानंतर अडकलेल्यांची संख्या, त्यांतील आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया व तान्ही मुले, आणि पाण्याची पातळी घराच्या कोणत्या भागापर्यंत आली आहे, हा तपशील द्यावा. ‘पाणी खूप आहे’ या वाक्यावरून नाव पाठवायची की ट्रॅक्टर, हे ठरविता येत नाही. ‘पाणी खिडकीच्या तळाशी आहे’ यावरून ठरविता येते.

इशाऱ्यांची भाषा : हवामानशास्त्र विभाग जिल्हावार इशारे चार रंगांत देतो. हिरवा म्हणजे कृतीची गरज नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा व लाल म्हणजे कृती करा. हे रंग केवळ पावसाचे माप नसून अपेक्षित परिणाम व यंत्रणेने घ्यावयाची दक्षता यांचे निदर्शक आहेत. चोवीस तासांत ६४·५ मिमी. पासून ११५·५ मिमी. पर्यंतच्या पावसास जोरदार, २०४·४ मिमी. पर्यंतच्या पावसास अतिजोरदार व त्यापलीकडे अत्यंत जोरदार अशा कोटी आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला, तो शेवटच्या कोटीच्या सीमेच्या चौपटीहून अधिक होता. त्या दिवशी लोकल गाड्या थांबल्या, भ्रमणध्वनींची जाळी कोलमडली व लक्षावधी माणसे घराकडे चालू लागली. काहींचा तर तुंबलेल्या पाण्यातील बंद मोटारींत गुदमरून मृत्यू झाला. कार्यालयातच वरच्या मजल्यावर रात्र काढणे हा अनेकांच्या बाबतीत सुरक्षित पर्याय होता. स्थलांतर म्हणजे नेहमी गाव सोडणे नव्हे. काही संकटांत ते केवळ जिना चढणे असते.

नदीचे पूर : महापुराची सूचना इतर संकटांच्या मानाने सर्वांत आधी मिळू शकते, कारण पाणी वरून खाली येण्यास वेळ लागतो व तो मोजता येतो. या दृष्टीने कृष्णा-पंचगंगा खोऱ्याचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. कोल्हापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तेथे ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोक्याची पातळी. सांगलीस कृष्णेवरील आयर्विन पुलाशी हेच आकडे अनुक्रमे ४० व ४५ फूट आहेत. पावसाळ्यात हे आकडे घरोघरी बोलले जातात. दुकानदार माल माळ्यावर कधी चढवायचा, गवळी म्हशी कधी हलवायचा, हे त्यांवरून ठरवितो. त्याआधीच्या पिढ्यांची मापे वेगळी होती. पंचगंगेचे पाणी शिवाजी पुलापाशी ठराविक उंचीला भिडले की ‘मच्छिंद्री झाली’ असे जुने कोल्हापूरकर म्हणत. नरसोबाच्या वाडीस पाणी दत्तपादुकांवरून वाहून दक्षिण दाराने बाहेर पडते, तेव्हा स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. नदीचे चढणे तेथे मुळात अरिष्ट मानले जात नाही, हे सूचना देणाऱ्याने ध्यानी घ्यावयास हवे.

पातळीइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा म्हणजे धरणांतून होणारा विसर्ग. तो क्युसेकमध्ये, म्हणजे दर सेकंदास किती घनफूट पाणी यात सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८·३ लिटर. कोयना धरणाचे सहा दरवाजे पाटबंधारे खात्याच्या आदेशाने उघडले जातात व तत्पूर्वी नदीकाठच्या गावांना सूचना दिली जाते. भोगावती नदीवरील राधानगरी धरणाचे सात दरवाजे मात्र स्वयंचलित आहेत. जलाशय काठोकाठ भरला की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. तेथे आदेशाची वाट पाहण्यात अर्थ नसतो, जलाशय किती भरला आहे याकडेच लक्ष ठेवावे लागते. वरच्या धरणाचा विसर्ग खालच्या शहरास पोहोचण्यास लागणारा काळ हाच स्थलांतराचा अवधी होय. म्हणून विसर्गाचा आकडा एकटा सांगून भागत नाही. ‘इतके पाणी सोडले’ याबरोबर ‘ते येथे केव्हा येईल व कोणत्या गल्लीपर्यंत येईल’ हे सांगितले, तरच आकड्याचे सूचनेत रूपांतर होते. नदीला राज्याच्या सीमा नसतात. २०१९ नंतर अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्याविषयी महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या अभियंत्यांमधील माहितीची देवाणघेवाण अधिक नियमित झाली आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर व आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेले. कोल्हापूर व सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे चार लाख लोक हलविण्यात आले. महामार्ग शिरोलीजवळ बुडाल्याने कोल्हापूर शहराचा संपर्क काही दिवस तुटला. सूचना मिळालेली नव्हती असे नाही. परंतु असंख्य कुटुंबांनी २००५ च्या पुराची खूण प्रमाण मानली. त्या वेळी पाणी उंबऱ्याशी थांबले होते, आताही तेथेच थांबेल, या हिशेबाने ती घरातच राहिली. सांगलीतील २००५ ची पातळी सुमारे ५४ फूट होती. वरचे तीन-साडेतीन फूट हा सारा फरक. भिंतीवरची पूररेषा ही गतकाळाची साक्ष असते, भविष्याची हमी नसते. घर सोडण्यास नकार देणाऱ्यांना अडाणी वा हेकट ठरविण्याची प्रवृत्ती शासकीय अहवालांत आढळते. ती न्याय्य नाही. स्वतःच्या अनुभवाचा आधार त्यांना वेधशाळेच्या अनुमानापेक्षा सबळ वाटतो आणि मागे कधीतरी इशारा मिळूनही पाणी आलेले नसते. सूचनेवरील विश्वास एका पावसात निर्माण होत नाही.

नकाराचे दुसरे कारण जनावरे. दावणीच्या म्हशी सोडून शेतकरी कुटुंबातील एक तरी माणूस जात नाही आणि बचावपथकाच्या रबरी नावेत जनावर घेता येत नाही. यास्तव जनावरे हलविण्याची वेळ धोक्याच्या पातळीवर नव्हे, तर इशारा पातळीवर, रस्ते कोरडे असताना येते. करवीर तालुक्यातील आंबेवाडी व चिखली ही पंचगंगेच्या पुरात प्रथम हलवावी लागणारी गावे. चिखली हा शब्द तर कोल्हापुरात पुराच्या बातमीचाच भाग होऊन बसला आहे. येथील रहिवाशांना सोनतळी येथे पुनर्वसनाची जागा देण्यात आली असूनही शेती व गोठा मूळ गावीच राहिल्याने अनेक कुटुंबे परतली, आणि दर मोठ्या पावसाळ्यात त्यांचे स्थलांतर नव्याने होते. उशिरा निघणाऱ्यांची स्थिती सर्वांत बिकट होते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे क्षमतेहून अधिक माणसे बसलेली नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पाणी पुन्हा ५५ फुटांवर गेले. या वेळी दोन वर्षांपूर्वीची आठवण ताजी असल्याने कित्येक कुटुंबे आदेशाची वाट न पाहता निघाली. [⟶ पूर].

चक्रीवादळे : ओडिशात २९ ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. १२ ऑक्टोबर २०१३ रोजी गोपाळपूरजवळ ‘फायलिन’ आले, तेव्हा त्या राज्याने दहा लाखांवर लोक आधीच हलविले होते व मृतांची संख्या काही दहांत राहिली. या चौदा वर्षांत वादळाच्या मार्गाचे अनुमान सुधारले, हे खरेच; परंतु किनाऱ्यावर बांधलेले निवारे, जे एरवी शाळा म्हणून वापरात असतात, आणि घरोघर जाऊन सांगणारे गावातलेच प्रशिक्षित स्वयंसेवक यांचा वाटा त्याहून कमी नव्हता. परिचित इमारतीत परिचित माणसाबरोबर जाण्यास लोक तयार होतात. महाराष्ट्र व गोवा किनाऱ्यासाठीच्या सूचना मुंबई येथील क्षेत्रीय केंद्राकडून दिल्या जातात. पहिली दक्षतेची सूचना सुमारे ७२ तास, सावधानतेची ४८ तास व प्रत्यक्ष इशारा २४ तास आधी देण्याचा प्रघात आहे. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या ‘निसर्ग’ वादळापूर्वी हे इशारे वेळेवर पोहोचले. अडचण आली ती नंतर. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या भागांत वीज व दूरध्वनी दीर्घकाळ बंद राहिल्याने कोणत्या वाडीत काय हवे, हे कळण्यास मार्ग उरला नाही. [⟶ चक्रवात].

दरडी : येथे सूचनेचा अवधी अत्यल्प असतो. आंबेगाव तालुक्यातील माळीण ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराखाली गाडले गेले, तेव्हा खबर देण्यास गावात फारसे कोणी उरले नव्हते. नेहमीप्रमाणे तेथे आलेल्या एस.टी.च्या चालकास गावच दिसेना. त्याच्याकडून बातमी बाहेर गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर कडा कोसळला. वाडीस रस्ता नसल्याने पथकांना पायी चढून जावे लागले. ही वाडी शासनाच्या धोकादायक ठिकाणांच्या यादीत नव्हती. यादीपेक्षा प्रत्यक्ष लक्षणांकडे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते. डोंगरउतारावर नव्याने पडलेल्या भेगा, कललेली झाडे व खांब, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे अथवा आटणे, चौकटींत दारे अडकू लागणे, ही पूर्वचिन्हे होत. ती दिसताच तलाठ्यास (२०२४ पासूनचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी), पोलीस पाटलास किंवा १०७७ वर कळवावे आणि उत्तराची प्रतीक्षा न करता निदान रात्रीचा मुक्काम इतरत्र हलवावा.

वायुगळती : भोपाळ येथे २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथिल आयसोसायनेट वायू सुटला, तेव्हा काय करावे हे रहिवाशांना कोणी कधी सांगितलेले नव्हते. अनेक जण वायूच्याच दिशेने धावले, आणि धावल्याने श्वास वाढून अधिक वायू आत गेला. नाकातोंडावर ओले फडके धरणे व वाऱ्याच्या दिशेस काटकोनात दूर जाणे, एवढी माहिती अनेकांचा बचाव करती. घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार कारखान्याच्या परिसरातील लोकांना संभाव्य अपघाताचे स्वरूप व घ्यावयाची दक्षता यांची माहिती पुरविणे बंधनकारक आहे. तारापूर, लोटे, महाड यांसारख्या औद्योगिक वसाहतींशेजारील ग्रामपंचायतींनी ही माहिती हक्काने मागावी.

संदेशवहन व अफवा : दवंडीची जागा आता अनेक साधनांनी घेतली आहे. काही जिल्ह्यांत पोलिसांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘ग्राम सुरक्षा यंत्रणे’त एका ग्रामस्थाने केलेला दूरध्वनी नोंदणी केलेल्या सर्व गावकऱ्यांना त्याच्याच आवाजात ऐकू जातो. ‘सचेत’ या राष्ट्रीय व्यवस्थेतून स्थानपरत्वे इशारे मिळतात, तर विजेच्या पूर्वसूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने ‘दामिनी’ ही प्रणाली तयार केली आहे. मनोऱ्याच्या कक्षेतील सर्व भ्रमणध्वनींवर एकाच वेळी इशारा प्रक्षेपित करण्याच्या पद्धतीची चाचणी २०२३ मध्ये देशभर झाली. तिला क्रमांकांची यादी लागत नाही व दूरध्वनींच्या गर्दीचा अडथळा होत नाही. तथापि मनोऱ्याची वीज गेली की ही सारी साधने निकामी होतात. मग विजेरी घटावर चालणारा आकाशवाणी संच, पोलिसांची बिनतारी यंत्रणा आणि देवळावरचा वा मशिदीवरचा ध्वनिक्षेपक यांचाच आधार उरतो. संभाषण होत नसेल, तेव्हाही लघुसंदेश पुष्कळदा जातो. कुटुंबातील सर्वांनी परजिल्ह्यातील एका नातेवाइकास खुशाली कळविण्याचे आधीच ठरविलेले असल्यास प्रत्येकास प्रत्येकाचा शोध घ्यावा लागत नाही.

‘धरण फुटले’ ही पुराच्या काळातील नेहमीची अफवा. हेतुपुरस्सर खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणे हा २००५ च्या अधिनियमान्वये एक वर्षापर्यंत कारावासास पात्र गुन्हा आहे. पण अफवा बहुधा हेतुपुरस्सर नसते, अधिकृत माहितीच्या अभावी ती वाढते. नियंत्रण कक्षाने ठराविक वेळी, सांगण्यासारखे नवे काही नसले तरी, निवेदन प्रसृत केल्यास तिला आळा बसतो. प्राप्त संदेशावर दिनांक, वेळ व देणाऱ्या कार्यालयाचे नाव नसल्यास तो पुढे पाठवू नये. मागील पुराची चित्रे चालू पुराची म्हणून फिरतात, ती या कसोटीवर टिकत नाहीत.

निवारा व परतणे : घर सोडताना विजेचा मुख्य खटका व गॅसची टाकी बंद करावी. शिधापत्रिका, आधारपत्र, सातबारा, बँकेचे पुस्तक, नित्याची औषधे व त्यांची चिठ्ठी एका जलाभेद्य पिशवीत घ्यावी. निवारा केंद्रात पोहोचताच नाव नोंदवून घेणे अत्यावश्यक आहे. शिधा व सानुग्रह अनुदान यांसाठी ती नोंद उपयोगी पडतेच, पण ताटातूट झालेल्यांचा शोध याच नोंदींवरून लागतो आणि नाव नसलेल्या माणसाच्या शोधात पथके उगाच पुराच्या पाण्यात उतरत नाहीत. केंद्र सोडून नातेवाइकांकडे जाणाऱ्याने तसे कळवून जावे. रिकाम्या घरात चोरी होईल या भीतीने अनेक पुरुष मागे राहतात. सोडलेल्या वस्तीत पोलिसांची गस्त असल्याचे जाहीर करणे हा म्हणून स्थलांतराच्याच योजनेचा भाग होय.

पाणी ओसरल्यावर परतण्याची घाई धोक्याची असते. ओल्या भिंती ढासळतात, अडगळीत साप शिरलेले असतात व वीजजोडणीची तपासणी झालेली नसते. साफसफाई करण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत, कारण पंचनाम्याचे पथक येईपर्यंत चिखल काढला गेला, तर पुरावा उरत नाही. विहिरी व टाक्या उपसून त्यांत विरंजक चूर्ण टाकल्याशिवाय पाणी पिण्यास वापरू नये. पुराच्या पाण्यातून अनवाणी वा पायास जखम असताना चालावे लागलेल्यांनी लेप्टोस्पायरोसिस या रोगावरील प्रतिबंधक औषधाविषयी जवळच्या आरोग्य केंद्रात विचारणा करावी. मुंबईत २००५ च्या पुरानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. [⟶ लेप्टोस्पायरोसिस].